समोर बघून विचारा

पहिल्या शाळेत अवंतीला विचारलेला प्रश्न सोपाच होता. मुलाखत घेणाऱ्या बाई कपाटातून रंगीत ठोकळ्यांचा डबा काढत होत्या आणि काढता काढता, पाठ तशीच ठेवून, त्यांनी विचारलं, "बेटा, तुझा आवडता रंग कोणता?" साडेपाच वर्षांची अवंती भिंतीवरचा नकाशा बघत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं, पाठ तशीच. अवंतीने पाय हलवले. तिसऱ्यांदा विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

चार दिवसांनी यादी लागली, तिच्यात नाव नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म शोधून काढला, 'कानाला यंत्र आहे' या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बेन, अशा मुलांची आमच्याकडे सोय नाही."

अवंतीची आई सुनेत्रा साळवी "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण पंधरा दिवस नुसती उत्तरं पाठ केली. आईचं शिक्षण किती, वडील काय करतात, घरात कोणती भाषा बोलता, इंग्रजी शाळाच का. विचारायला मात्र एकही प्रश्न घेऊन गेलो नव्हतो. 'कसली सोय लागते?' एवढं विचारायचंही सुचलं नाही.

ही १९९६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही तेव्हा बडोद्यात, सुभानपुऱ्यात साळव्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे यातलं काही मी पाहिलेलं आहे आणि बाकीचं सुनेत्रावहिनींनी नंतर सांगितलेलं.

वहिनी चिपळूणजवळच्या. जनार्दन साळवी नंदेसरीला रंगांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. लग्न होऊन त्या बडोद्याला आल्या तेव्हा 'केम छो' यापुढे गुजराती येत नव्हतं. नवरा शिफ्टला गेला की घर खायला उठायचं, म्हणून रावपुऱ्यात एका जिन्यावरच्या क्लासमध्ये टायपिंग शिकल्या. आधी इंग्रजी, मग गुजराती. तिथेच जवळ उदयसिंहराव घोरपडे वकिलांच्या ऑफिसात नोकरी लागली. इंग्रजी त्या मिनिटाला पंचेचाळीस शब्दांच्या वेगाने टाइप करायच्या; पण समोर कुणी इंग्रजीत चार वाक्यं सलग बोललं, की घसा कोरडा पडायचा.

अवंती अडीच वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आली, खायला-खेळायला लागली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जनार्दन घरी येताना फाटकाशी स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवायचे आणि ती हातातलं टाकून पळत सुटायची. ज्वरानंतर ती पळेना. आधी वाटलं, अशक्तपणा असेल. मग एक दिवस जनार्दनने तिच्या मागे उभं राहून हॉर्न वाजवला. ती बाहुलीचे केस विंचरत होती, विंचरतच राहिली.

उजवा कान पूर्ण गेला होता. डाव्यात थोडं शिल्लक होतं. त्या काळात यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढा डबा. तो कापडी पिशवीत घालून छातीवर बांधायचा, त्यातून वायर निघून कानात जायची, आत पेन्सिल सेल. ते लावून, समोरच्या माणसाचे ओठ दिसत असतील, तर अवंतीला बोलणं समजायचं. ती बोलायचीही, शब्द थोडे जाड यायचे इतकंच. कान तपासणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हिला साध्या शाळेत घाला. पुढे बसवा, तोंड दिसू द्या. जमेल."

दुसऱ्या शाळेचा फॉर्म आणला, त्यानंतर अकरा दिवसांनी मुलाखत होती. गोरव्याच्या बाजूला असलेली ही शाळा लहानशी होती, फार नाव नव्हतं. निरुपमाबेन देसाई नावाच्या बाई ती चालवत होत्या.

वहिनींनी त्याच दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मशीनला कागद लावला आणि तेवीस प्रश्न टाइप केले. उदयसिंहराव जेवून आले आणि त्यांनी तो कागद मागितला. सत्तरीचे गृहस्थ. पणजोबा गायकवाडी फौजेत शिलेदार, आणि यांचा स्वतःचा आवाजही असा की समोरचा पक्षकार सावरून बसायचा. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला.

"सुनेत्राबाई, हे प्रश्न आहेत की आरोपपत्र?"

वहिनी कागद परत घ्यायला पुढे झाल्या.

"बघा हं. 'ऐकू न येणाऱ्या मुलांना तुम्ही माणसं समजता की नाही?' यावर ती बाई काय सांगणार? तिने अजून तुमचं काही वाकडं केलेलं नाही. तुम्ही आधीच्या शाळेचा राग हिच्या टेबलावर नेऊन ओतताय."

"पण साहेब, कायदा असेल ना काही?"

"दिल्लीला नवा कायदा झालाय म्हणतात. माझ्याकडे अजून प्रतही आलेली नाही. समजा कायद्याचा धाक घालून प्रवेश मिळवला. पण वर्गातल्या मास्तरणीने तुमच्या मुलीकडे तोंड करून बोलावं, हे कोणतं कोर्ट करून देणार?" त्यांनी कागद परत केला. "ज्याचं उत्तर देता येईल असंच विचारा. एका प्रश्नात एकच गोष्ट. आणि उत्तर मिळालं की गप्प बसून ऐका, मध्ये बोलू नका. मी चाळीस वर्षं साक्षीदार तपासतोय, मला एवढंच समजलंय."

वहिनींनी तो कागद फाडला. दुसरा लिहिला, तो साहेबांनी निम्म्यावर आणला. मग प्रश्न कुठून काढायचे हेच त्यांना कळेना, कारण शाळा आतून पाहिलेलीच नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन त्या दुपारी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

फाटकाशी रखमाबाई होत्या. शाळेत घंटा देणं, पाणी भरणं, लहान मुलांना सांभाळणं, सगळं त्याच करायच्या. वहिनींचं गुजराती ऐकून त्यांनी विचारलं, "मराठी का तुम्ही?" आणि मग बोलायला काही अडलं नाही. पहिलीचे वर्ग दोन. 'अ' रस्त्याकडे, तिथे दिवसभर टेम्पो आणि रिक्षा. 'ब' मागच्या अंगाला लिंबाखाली, शांत. "पण ताई, 'ब'च्या पंख्याचा खडखडाट होतो हं. उन्हाळ्यात मुलं हसतात त्याला." 'ब'च्या बाई उंच आहेत, फळ्याकडे तोंड करून बोलायची त्यांना सवय आहे. मधल्या सुट्टीत मोठी मुलं खालच्या मैदानात येतात तेव्हा लहानांची पडापड होते. वहिनींनी पर्समधून बसचं तिकीट काढून त्याच्या पाठीवर हे सगळं टिपून घेतलं.

रविवारी सकाळी घरात भांडण झालं. जनार्दनची सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी पोहे तेच करायचे. वहिनी टेबलाशी फॉर्म भरत बसल्या होत्या. 'पाल्याच्या आरोग्याविषयी' असा एक रकाना होता.

"तो रिकामा सोड," जनार्दन कढईवरून मान न उचलता म्हणाले.

"का?"

"मागच्या वेळी खरं लिहिलंस, काय झालं? केस कानावर घे. डबा फ्रॉकच्या आत. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. एकदा आत गेली की सांगू हळूहळू."

"आणि त्यांनी पाठ करून विचारलं तर?"

"तिला सांगून ठेवू. ओठांकडेच बघ म्हणावं, नीट लक्ष ठेव."

"अहो, ती साडेपाच वर्षांची आहे. तिने किती लक्ष ठेवायचं? आणि कुठवर? दहावीपर्यंत फ्रॉकच्या आतच डबा?"

जनार्दनने गॅस बंद केला. झारा हातात तसाच धरून ते खिडकीशी उभे राहिले. अवंती बाहेर ओट्यावर खडूने घर काढत होती.

"मी पाच वर्षं तेच करतोय," ते म्हणाले.

वहिनींना कळलं नाही.

"दरवर्षी कंपनीत तपासणी असते ना. कानावर हेडफोन लावतात. बारीक शिटी ऐकू आली की बोट वर करायचं. बारीक शिटी मला ऐकूच येत नाही, सुनेत्रा. ब्लोअरच्या आवाजात इतकी वर्षं काढली. मी त्या तपासणाऱ्याच्या कोपराकडे बघतो. त्याने बटण दाबलं की कोपर हलतं. हललं की मी बोट वर करतो. दरवर्षी पास."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? प्लँटवरून काढून कुठेतरी बसवतील. लोक म्हणतील, मुलगी तशी, आता बापही." ते खुर्चीवर बसले. "मागून कुणी हाक मारली असेल का, म्हणून सारखा वळून बघतो. आठ तास नुसतं सगळ्यांच्या तोंडांकडे बघायचं. घरी येऊन मी आडवा होतो ना, तो कामाने दमलेला नसतो."

वहिनी उठल्या आणि त्यांच्या हातातला झारा घेतला. पोहे कढईत गार झाले.

शेवटी जनार्दनच म्हणाले, "लिही त्या रकान्यात. मोठ्या अक्षरात लिही. हे तिला नको शिकवायला." मग थोड्या वेळाने, "आणि प्रश्नांत माझा एक घाल. पंख्याचा. यंत्राला माणूस आणि पंखा यातला फरक कळत नाही, ते दोन्ही सारखंच मोठं करतं. मला माहीत आहे ते."

उरलेल्या दिवसांत निळी फाईल तयार झाली. कानाच्या तपासणीचा आलेख, त्याखाली साध्या भाषेत चार ओळी, कारण तो आलेख बघून कुणालाच काही समजत नाही. डॉक्टरांचं पत्र. बालमंदिरच्या बाईंनी लिहून दिलेलं, की अवंती इतरांबरोबर खेळते, भांडते आणि गोष्ट सांगते. तिची चित्रांची वही. दोन जादा सेल. आणि एक पान, ज्यावर वहिनींनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. वर मथळा होता, 'अवंतीशी बोलताना'. समोर बघून विचारा. ओरडू नका, ओरडल्यावर आवाज फाटतो. एका वेळी एकानेच बोला. कळलं का असं विचारलं तर ती हो म्हणते, म्हणून काय कळलं ते विचारा. डाव्या बाजूने हाक मारा. हे पान गुजरातीत एक आणि इंग्रजीत एक, असं दोनदा टाइप केलं. इंग्रजी प्रत उदयसिंहरावांनी तपासली आणि फक्त एक स्वल्पविराम घातला. प्रश्न उरले होते सात.

मुलाखतीच्या दिवशी जनार्दननेच अवंतीचे केस मागे घेऊन दोन वेण्या घातल्या. वेण्या वाकड्या आल्या, पण कान दोन्ही मोकळे दिसत होते. डब्याची पिशवी फ्रॉकच्या वरून बांधली. वहिनींनी तिला लाल कापडाची नवी शिवून दिली होती.

मुलाखतीला तिघंही गेले. निरुपमाबेनच्या खोलीत त्या स्वतः आणि 'ब' वर्गाच्या त्या उंच बाई बसल्या होत्या. "आवो, बेसो," निरुपमाबेन म्हणाल्या. पुढचं बोलणं गुजरातीतच झालं. वहिनी नंतर म्हणायच्या, ते इंग्रजीत झालं असतं तर माझी फाईल उघडलीच नसती.

निरुपमाबेननी फॉर्म हातात घेतला तेव्हाच वहिनी म्हणाल्या, "बेन, तुम्ही काही विचारण्याआधी एक विनंती आहे. तिच्याकडे बघून विचारा. तिला ओठ दिसले की ती उत्तर देईल. न दिसता विचारलं तर ती गप्प बसेल, आणि तुम्हाला वाटेल तिला येत नाही."

हे वाक्य त्यांनी आरशासमोर वीसेक वेळा म्हटलं होतं.

निरुपमाबेननी चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि अवंतीच्या समोर तोंड आणून विचारलं, "तुझं नाव काय?"

"अवंती जनार्दन साळवी. आणि हे माझं यंत्र. याला हात लावायचा नाही, पण बघितलं तर चालेल."

उंच बाई हसल्या. मग रंग झाले, आकडे झाले, चित्रातली गाय-म्हैस झाली. एका प्रश्नाला अवंतीने भलतंच उत्तर दिलं. निरुपमाबेननी 'पान' विचारलं होतं, तिला 'कान' वाटला. पुन्हा विचारल्यावर तिने झाडाचं पान दाखवलं.

निरुपमाबेन फाईल चाळू लागल्या. 'अवंतीशी बोलताना' हे पान त्यांनी दोनदा वाचलं आणि शेजारच्या बाईंकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "सुनेत्राबेन, तुमच्याशी खोटं बोलत नाही. मी तीस वर्षं शिकवतेय, पण असं मूल कधी शिकवलं नाही. मला येईल की नाही, माहीत नाही."

"मलाही माहीत नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "शिकत गेले. मी काही प्रश्न आणलेत, विचारू?"

"विचारा ने."

पहिल्या बाकावर, भिंतीकडे उजवा कान करून जागा मिळेल का? मिळेल. 'ब' वर्ग मिळेल का, रस्त्याकडचा नको? मिळेल, पण हे तुम्हाला कुणी सांगितलं? वहिनींनी मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न वाचला. त्या पंख्याला तेल किंवा दुरुस्ती करता येईल का? उंच बाई मध्येच म्हणाल्या, "करा बाई एकदाचं, मी दोन वर्षं सांगतेय." फळ्यावर लिहिताना बोलणं थांबवता येईल का? इथे उंच बाईंनी समोरचं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "सवय आहे. प्रयत्न करीन. विसरले तर हिने मला हात वर करून सांगावं."

पाचवा प्रश्न मधल्या सुट्टीतल्या पडापडीचा झाला. मुलांनी वायर ओढली तर काय करणार, हा सहावा.

"ओढतील," निरुपमाबेन म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात नक्की ओढतील. मी थांबवीन, पण ओढणारच नाहीत असं वचन देत नाही."

वहिनींना साहेबांचं म्हणणं आठवलं आणि त्या गप्प राहिल्या. वहिनी म्हणतात, त्या उत्तराने माझा विश्वास बसला. 'छे छे, आमची मुलं तसली नाहीत' असं निरुपमाबेन म्हणाल्या असत्या तर बसला नसता.

सातवा प्रश्न यंत्राचे सेल कोण बदलेल याचा होता, तोही झाला. निरुपमाबेन सहज अवंतीकडे वळल्या. "आई विचारून झाली. आता तुला काही विचारायचंय?"

अवंतीने विचार केला. "घंटा कुठे आहे?"

"घंटा? व्हरांड्यात."

"मला माझ्या जागेवरून दिसेल का? वाजली ते मला कळणार नाही. दिसली तर कळेल."

वहिनींच्या सात प्रश्नांत हा नव्हता. तेविसांतही नव्हता. जनार्दन खिडकीबाहेर बघू लागले. निरुपमाबेन उठल्या, अवंतीचा हात धरून तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि रखमाबाईंना म्हणाल्या, "ही नवी मुलगी. घंटा देताना 'ब'च्या दारात येऊन हिला हात करायचा."

प्रवेश दिवाळीपर्यंतच्या बोलीवर मिळाला. जमलं नाही तर आपण पुन्हा बसून बोलू, असं निरुपमाबेननी पत्रात लिहिलं होतं. पत्र आलं त्या दिवशी जनार्दन नंदेसरीहून सकाळची पाळी करून आले आणि शेव-जिलेबीचे पुडे घेऊन वर आमच्याकडेही आले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. वायर पहिल्या आठवड्यात नाही, पहिल्याच दिवशी ओढली गेली. अवंती घरी रडत आली, दुसऱ्या दिवशी जायचं नाही म्हणाली आणि गेली. पावसात डबा भिजला म्हणून दोन दिवस बिनआवाजाचे गेले. श्रुतलेखनात ती मागे पडायची. उंच बाई वर्गाकडे तोंड फिरवायला विसरायच्या आणि अवंती हात वर करायची. ऑगस्टपर्यंत हात वर करणं निम्म्यावर आलं.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा पुन्हा सुरू झाली, तरी शाळेतून काही निरोप येईना. वहिनींनी आठ दिवस वाट पाहिली. शेवटी निळी फाईल घेऊन स्वतःच गेल्या.

"बेन, दिवाळी झाली. तुम्ही म्हणाला होता, पुन्हा बसून बोलू."

निरुपमाबेन त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कशाबद्दल?" मग त्यांना आठवलं आणि त्या कपाळाला हात लावून हसायला लागल्या. "अरे, ते तर मी विसरूनच गेले! आता काय बोलायचं? तिला स्नेहसंमेलनात घेतलंय, नाचाला. तालीम बघून जा."

पुढच्या वर्षीच्या तपासणीत जनार्दनने कोपराकडे बघितलं नाही. त्यांना प्लँटवरून काढून स्टोअरमध्ये टाकलं. पहिले दोन-तीन महिने त्यांना ते फार लागलं, ते कुणाशी धड बोलत नव्हते. मग एक दिवस वहिनी मला म्हणाल्या, "अगं, आता घरी येऊन आडवे होत नाहीत. अवंतीबरोबर कॅरम खेळतात."

गोष्ट रावपुऱ्यात पसरली ती ऑफिसमुळे. करेलीबागेतल्या हेरंब म्हात्रे यांचा मुलगा अडखळत बोलायचा. ते आपल्या मुलाची कागदपत्रं घेऊन वहिनींकडे आले. मग आणखी कुणी, मग आणखी. उदयसिंहराव चिडल्यासारखं करायचे, "हे वकिलाचं ऑफिस आहे की शाळेचं?" आणि आलेल्यांना खुर्ची द्यायला सांगायचे. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी ते काम चालूच राहिलं.

२००६ मध्ये अवंती दहावी झाली. गुण भरपूर नव्हते, चांगले होते. इंग्रजीने थोडा दगा दिला. तोवर डबा गेला होता आणि कानामागे नखाएवढं यंत्र आलं होतं. अकरावीच्या प्रवेशासाठी वहिनी तिच्याबरोबर गेल्या. वाटेत त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला.

"आई, तू खाली थांब," अवंती म्हणाली. "मी जाते."

"अगं पण हा कागद तरी…"

"माझे मी लिहिलेत."

वहिनी समोरच्या रसाच्या गाडीशी उभ्या राहिल्या. रस घेतला, संपवला, पुन्हा घेतला. पाऊण तासाने अवंती जिना उतरून आली. चालताना वेणी पुढे घेत, नेहमीसारखी.

"काय झालं?"

"घेतलं. सोमवारपासून."

"आणि तू काय काय विचारलंस?"

"सांगते," अवंती म्हणाली, "आधी मला रस दे. बोलून बोलून तोंड सुकलंय."